आधी अर्थिंग बघा

गाडीतली म्युझिक सिस्टिम बिघडली की दुकानदार आधी नवा सेट दाखवतो. दुखणं मात्र बरेचदा वायरिंगचं असतं. ॲक्सिलरेटर दाबताच स्पीकरमधली शिट्टी चढत गेली, तर संशय अल्टरनेटरवर आणि ढिल्या अर्थिंगवर घ्या. रंग खरवडून वायर उघड्या पत्र्यावर घट्ट आवळा. गाडी बंद केली की स्टेशनं पुसली जात असतील, तर बाहेरून बसवलेल्या सेटची कायम १२ व्होल्टची पिवळी वायर तपासा. इग्निशनच्या लालशी तिची अदलाबदल झालेली असू शकते. एकच स्पीकर मुका? सेटमागे त्याच्या वायरी चालू स्पीकरच्या जागी जोडा. वाजला तर सेटचा चॅनेल गेला. गप्पच राहिला तर दोष वायरीत किंवा स्पीकरात. एवढी उलटतपासणी झाल्याशिवाय खिशात हात घालू नका.