डिस्को मेला कधी होता?

दुआ लिपाचा 'फ्यूचर नॉस्टॅल्जिया' (२०२०) असो वा बियॉन्सेचा 'रेनेसाँ' (२०२२), त्यांच्याविषयी लिहिताना 'डिस्कोचे पुनरुज्जीवन' हा शब्दप्रयोग सर्रास केला जातो. पुनरुज्जीवन मृताचे होते. तेव्हा आधी मृत्यूचा दाखला तपासावा लागेल.

दाखला म्हणून १२ जुलै १९७९ ही तारीख पुढे केली जाते. त्या दिवशी शिकागोच्या कोमिस्की पार्क मैदानावर, बेसबॉलच्या दोन सामन्यांच्या मधल्या वेळेत, रेडिओ निवेदक स्टीव्ह डाल याने डिस्कोच्या तबकड्यांचा ढीग स्फोटाने उडवला. तबकडी आणणाऱ्यास तिकीट अवघे ९८ सेंट. जमाव मैदानात घुसला आणि दुसरा सामना रद्द करावा लागला. तिथे प्रेक्षकांना जागा दाखवण्याचे काम करणारा व्हिन्स लॉरेन्स हा कृष्णवर्णीय तरुण होता. लोकांनी आणलेल्या अनेक तबकड्या डिस्कोच्या नव्हत्याच, त्या केवळ कृष्णवर्णीय कलावंतांच्या होत्या, असे त्याने पुढे सांगितले. ही साक्ष बाजूला ठेवून त्या रात्रीला 'संगीताच्या अभिरुचीतला बदल' म्हणणे म्हणजे दंगलीला साहित्यसंमेलन म्हणण्यासारखे आहे.

हाच लॉरेन्स पुढे १९८४ साली जेसी सॉन्डर्ससोबत 'ऑन अँड ऑन' या तबकडीच्या निर्मितीत होता. हाउस संगीताच्या आरंभीच्या तबकड्यांत तिची गणना होते. 'हाउस' हे नावही शिकागोतल्याच 'वेअरहाउस' या क्लबावरून पडले. तिथे फ्रँकी नकल्स १९७७पासून डिस्को वाजवत होता. म्हणजे प्रेत पुरले म्हणतात त्याच शहरात ते नाव बदलून नाचत होते!

वेशभूषेची कथा तर अधिकच उद्बोधक आहे. डिस्को म्हटले की जॉन ट्रॅव्होल्टाचा पांढरा सूट आठवतो. तो 'सॅटरडे नाइट फीव्हर' (१९७७) या चित्रपटातला, आणि चित्रपट निक कोन याच्या १९७६मधील लेखावर बेतलेला. आपण तो लेख बव्हंशी कल्पनेने रचला होता, अशी कबुली कोनने दोन दशकांनी दिली. खरा उगम शोधायचा तर डेव्हिड मँक्युसोच्या न्यूयॉर्कमधील राहत्या जागेत १९७०पासून भरणाऱ्या मेजवान्यांकडे जावे लागते. तिथे समलिंगी, कृष्णवर्णीय आणि लॅटिनो माणसे निर्धास्त नाचत. रचलेला सूट लोकस्मृतीत राहिला आणि ही माणसे तळटीपेत गेली.

बियॉन्सेने निदान ऋण मान्य केले. तिने 'रेनेसाँ'सोबतच्या निवेदनात दुर्लक्षित राहिलेल्या पूर्वसूरींचे आभार मानले. पुनरुज्जीवनाचा शोध समीक्षकांचा.

आणि हा 'मृत्यू' मुंबईला कोणी कळवलाच नव्हता. बिद्दूने संगीत दिलेले आणि नाझिया हसनने गायलेले 'आप जैसा कोई' हे 'कुर्बानी'तले गाणे १९८०चे. मिथुन चक्रवर्ती आणि बप्पी लाहिरी यांचा 'डिस्को डान्सर' तर १९८२चा.