सह्या करण्याआधी एकदा आत यायचं होतं

प्रति,
सोसायटीतल्या सर्व निवेदनकर्त्या सभासदांस,

विषय : तळमजल्यावरचं गेमिंग सेंटर बंद करण्याबाबत आपण दिलेलं निवेदन.



निवेदनाची प्रत मला गाळामालकांनी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवली. तुमच्यापैकी कुणी नाही. आपण रोज पार्किंगमध्ये भेटतो. गणपतीची वर्गणी तुम्ही माझ्या काउंटरवर येऊन घेता आणि तिथेच पावती फाडता. पण ‘तुझं दुकान आम्हाला नको’ एवढं सांगायला मात्र तुम्ही आधी मालकांचं घर गाठलंत आणि मग पोलीस चौकी. खालच्या सह्या मी एकेक करून वाचल्या. त्यातल्या निम्म्या घरांतली मुलं मला दादा म्हणतात.

चौकीतून दोघे येऊन पाहून गेले. त्यांचं समाधान झालं. तुमचं व्हायचं राहिलंय, म्हणून हे पत्र. सोसायटीच्या फलकावर लावतोय, म्हणजे सगळ्यांनाच वाचता येईल.

पहिला आरोप ‘जुगारसदृश प्रकार’. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला, त्याची बातमी तुम्ही वाचलीत आणि दुसऱ्याच दिवशी कुणीतरी मला विचारलं, ‘मग आता तुमचं बंद का?’ कायद्यानं बंदी घातली ती पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर. मोबाइलवरची पैशांची रमी, पोकर, टीम लावून पैसे जिंकायचं क्रिकेट, हे सगळं त्यात आलं. त्याच कायद्यात ई-स्पोर्ट्सला खेळ म्हणून मान्यता आहे. २०२३ साली हांगझोला झालेल्या आशियाई स्पर्धेत ई-स्पोर्ट्सची पदकं दिली गेली, आपले खेळाडूही तिथे खेळायला गेले होते. २०२५ मध्ये बिहारला झालेल्या खेलो इंडिया युवा स्पर्धेतही प्रात्यक्षिक खेळ म्हणून ई-स्पोर्ट्स होतं. तिथे जे खेळतात त्याच जातीचा खेळ माझ्याकडे पोरं खेळतात. मी पैसे घेतो ते वेळेचे. जिंकणाऱ्याला मी काही देत नाही आणि हरणाऱ्याचं काही घेत नाही. पोरांनी आपापसात शंभराची पैज लावली, असं कानावर आलं तर दोघांना उठवतो. हे तुमच्या मुलांना विचारा, ती रागारागानं सांगतील.

‘व्हिडिओ गेम पार्लर’ अशी पाटी लावून आत भलतीच मशिनं चालवणारे या राज्यात होते आणि त्यांच्यावर धाडी पडल्याच्या बातम्या मीही वाचल्यात. त्यांची बदनामी आमच्या माथी येते, हे समजू शकतो. पण तुम्ही आणि माझं दुकान यांच्यामध्ये फक्त एक काचेचं दार आहे. ते ढकलून आत आला असतात तर शंका तिथेच फिटली असती.

आणखी एक विचारतो. तो कायदा येईपर्यंत पैसे लावायच्या अशाच एका अ‍ॅपचं नाव आपल्या क्रिकेट संघाच्या जर्सीवर छापलेलं होतं. आयपीएलच्या दिवसांत तुमच्यातले कितीतरी जण माझ्याच पायरीवर उभे राहून मोबाइलवर टीम लावत होते. तेव्हा कुणी सह्यांचा कागद फिरवला नाही.

दुसऱ्या आरोपाकडे शेवटी येतो. तिसरा आहे गोंगाट आणि ‘टवाळखोरांची गर्दी’. गोंगाट होतो. शनिवारी संध्याकाळी फिफा चालू असतं (२०२३ मध्ये नाव बदललं, पोरं अजून फिफाच म्हणतात) आणि नव्वदाव्या मिनिटाला गोल झाला की आठजण एकदम ओरडतात. मला कुणी येऊन सांगितलं असतं तर दाराला रबरी पट्टी बसवली असती. निवेदन वाचल्यावर बसवलीच. टवाळखोर म्हणाल तर ते तुमचेच आहेत. एकदा नीट बघा, कसे खेळतात ते. हरला तो उठेल, हा पोरांचाच नियम. उठणारा रिमोट तसाच टाकून देत नाही, तळहाताचा घाम जीन्सला पुसतो, रिमोट पुसतो आणि पुढच्याच्या हातात देतो. ‘डावी काडी ड्रिफ्ट होतेय, जपून’ हेही सांगतो. चौथीतला पोरगा अकरावीतल्याला हरवतो तेव्हा अकरावीतला मुकाट्यानं मागे जाऊन उभा राहतो. घरी एकट्याच्या हातात मोबाइल असताना यातलं काय होतं?

निवेदनात राजकोटचाही उल्लेख आहे. मे २०२४ मध्ये तिथल्या गेम झोनला आग लागली आणि पंचवीसहून अधिक माणसं गेली, त्यात मुलंही होती. तुमच्या कागदावरचा हा एकच मुद्दा मला रास्त वाटला. अग्निशमनाच्या परवानगीशिवाय चालणारी, पत्र्याच्या शेडमधली जागा होती ती. म्हणून सांगतो, माझ्याकडे मागचं दार कधी कुलपात नसतं, प्रत्येक सेटअपला वेगळा एमसीबी आहे आणि आग विझवायच्या नळकांड्यावर पुन्हा भरायची तारीख लिहिलेली आहे. कधीही या आणि वाचा. मग सोसायटीच्या जिन्यातल्या नळकांड्यावरची तारीखही वाचा.

मी बक्कळ कमावतो, अशीही कुजबुज आहे. तर हिशेब मांडतो. पीएस-५ आपल्याकडे फेब्रुवारी २०२१ मध्ये आला तेव्हा ४९,९९० रुपयांना होता. मी घेतला तेव्हा पंचावन्न हजारांपर्यंत गेला होता. मोठा टीव्ही, जादा रिमोट सहा हजारांच्या घरात, एकेक नवी डिस्क पाच हजारांपर्यंत, खुर्च्या, इन्व्हर्टर. एक सेटअप सव्वा लाखाला पडतो. दोघं मिळून खेळले तर मी तासाला १२० रुपये घेतो. म्हणजे नुसता सेटअप वसूल व्हायला हजाराहून जास्त तास लागतात. रोज तीन तास भरले, तर वर्ष. त्यात भाडं, व्यापारी दराचं वीजबिल, एसी आणि मदतीला असलेल्या मुलाचा पगार धरलेला नाही. वर्षभरात रिमोटच्या काड्या जातात. सप्टेंबर आला की फुटबॉलची नवी आवृत्ती येते आणि जुन्या डिस्कला कुणी हात लावत नाही.

आणि तीन तास रोज भरत नाहीत. सकाळी दुकान रिकामं असतं. फेब्रुवारी-मार्चमध्ये परीक्षा. आयपीएलच्या संध्याकाळी सगळे घरच्या टीव्हीसमोर. आषाढ लागला की कॉलेजची निम्मी पोरं ढोल पथकाच्या सरावाला जातात, ती थेट अनंत चतुर्दशीनंतर उगवतात. मे महिना आणि दिवाळीची सुट्टी, यावर वर्ष काढायचं असतं. कर्जासाठी एका बँकेत गेलो तर तिथल्या साहेबांनी फाइल उघडण्याआधीच विचारलं, ‘बेटिंगचं आहे का?’ गुमास्ता दाखवला, हिशेब दाखवला, कर्ज मिळालं नाही. शेवटी बायकोचे दागिने सोनाराकडे गेले. खोऱ्यानं पैसा ओढणाऱ्या माणसाची ही अवस्था आहे.

याच गाळ्यात आधी आमच्या थोरल्या भावाचा एसटीडी बूथ होता. मोबाइल आले आणि बूथ गेला, तेव्हा सायबर कॅफे टाकला. केबल जोडून काउंटर-स्ट्राइक खेळणाऱ्या पोरांनी तो जगवला. २०१६ मध्ये जिओ आलं आणि कॅफेही बसला. २०११ च्या सायबर कॅफेच्या नियमांत पार्टिशन साडेचार फुटांपेक्षा उंच नको, असं होतं. कॅफे गेला, तरी मी पार्टिशन वाढवलं नाही. सगळे टीव्ही रस्त्यावरून दिसतात. तुमच्या बाल्कनीतून दिसतात. ज्याला काही लपवायचंय तो असा गाळा लावतो का?

पोरं बिघडण्याची काळजी करणाऱ्या काकांनो, तुमच्या वेळच्या पार्लरच्या गोष्टी तुम्हीच मला सांगितल्यात. रुपयाचं कॉइन टाकून मुस्तफा खेळायचात, शाळेची मधली सुट्टी संपली तरी हलायचा नाहीत. गेमचं खरं नाव ‘कॅडिलॅक्स अँड डायनॉसॉर्स’ असल्याचं मी सांगितलं तेव्हा तुम्ही किती हसला होतात! त्या पार्लरमध्ये सिगरेटचा धूर असायचा, हेही तुमच्याच तोंडून ऐकलंय. तुम्ही बिघडला नाहीत. माझ्याकडे धूर नाही. शाळेच्या गणवेशात आत घेत नाही. डिस्कच्या कव्हरवर वयाचा आकडा छापलेला असतो, जीटीएवर १८ आणि फुटबॉलवर ३. तो बघूनच मी डिस्क लावतो. जीटीए नाही लावला म्हणून सहावीतला एकजण रुसून गेला आणि दुसऱ्या दिवशी सांगत आला की पप्पांनी घरच्या लॅपटॉपवर टाकून दिला. त्या पप्पांची सही निवेदनावर तिसरी आहे.

आणि वहिनींनो, संध्याकाळी तुमचे फोन येतात. ‘आमच्याला अजून अर्धा तास बसू द्या हो, मी मंडईतच आहे.’ ‘क्लास सुरू व्हायला वेळ आहे, तोवर असू दे तुमच्याकडे.’ त्या अर्ध्या तासाचे पैसे मी कधी मागितले नाहीत. कुणाला पाणी लागतं, कुणी पडून आलेला असतो, कुणाला सातला औषध घ्यायची आठवण करायची असते. ती मी करतो. पाळणाघर म्हणून चालणारी जागा निवेदनात ‘अनिष्ट ठिकाण’ कधी झाली, एवढं मला कळलं नाही.

आता दुसरा आरोप. निवेदनातलं वाक्य असं आहे : ‘सदर सेंटरमुळे मुलांना घरातून पैसे चोरण्याची सवय लागली आहे.’

हे कुठून आलं, तुम्हालाही ठाऊक आहे आणि मलाही. एक आठवीतला मुलगा पाचशेची कोरी नोट घेऊन यायला लागला. मित्रांचेही पैसे तोच भरायचा. विचारलं तर वाढदिवसाचे म्हणाला. पुन्हा नोट आली तेव्हा मी त्याला खेळायला बसवलं नाही. मागे बसवून वडापाव खायला दिला आणि त्याच्या घरी फोन केला. वडील खाली आले. आधीच्या दिवसांचे, खेळून झालेल्या तासांचेही पैसे मी रजिस्टर बघून परत केले. माझा हात हातात घेऊन ते म्हणाले, ‘उपकार झाले. कुणाला बोलू नका.’ मी बोललो नाही. बायकोलाही नाही. आजही नाव लिहीत नाही.

चोरी मी कळवली म्हणून कळली. पैसे खिशात घालून गप्प बसलो असतो तर धंदाही झाला असता आणि आज माझ्याविरुद्ध हे वाक्य लिहायला तुमच्याकडे काही उरलंच नसतं. त्या गृहस्थांनी स्वतः सही केलीय. बाकीच्यांनी खात्री न करता सह्याजीरावांसारखी पाठोपाठ केलीय. जुगाराच्या आरोपाचं मला हसू आलं होतं, गोंगाटाचं समजू शकलो. या वाक्यानं मात्र रात्रभर डोळा लागला नाही. उद्या आणखी एखादा मुलगा पाचशेची नोट घेऊन आला तर मी फोन करायचा की नाही, हे आता तुम्हीच ठरवून सांगा.

माझं म्हणणं थोडक्यात असं. ज्याला आपलं मूल इथे नको असेल त्यानं काउंटरवर येऊन सांगावं, मी त्याला आत घेणार नाही. ज्याला आठवड्याला दोनच तास चालतील त्यानं तसं रजिस्टरमध्ये लिहून जावं, तिसरा तास मी देणार नाही. आवाजाची तक्रार असेल तर जिन्यातून हाक मारावी. मालकांनी करार वाढवायचा की नाही ते अजून सांगितलेलं नाही. नाही वाढवला तर सामान उचलीन, दुसरा गाळा बघीन. हा धंदा नफा-तोटा बघून सुरू केला होता, बंदही त्याच हिशेबानं करता आला असता.

सह्या मागे घ्या, असं म्हणणार नाही. फक्त एक करा. दुकान बंद झालंच, तर का झालं हे सही केलेल्या प्रत्येकानं आपापल्या मुलाला स्वतः सांगायचं. आजवर तुमचे बरेच निरोप मी पोरांना दिले. हा देणार नाही.

आपला,
तळमजल्यावरचा गेमवाला
धनकवडी, पुणे