तंगूस तोडू नका

भंडारदऱ्याच्या काठावर गळ अडकला की लोक हिसका देऊन तंगूस तोडतात, याचा मला मनापासून राग येतो. तो तुकडा पाण्यातच राहतो, पाणकावळ्यांच्या पायांत गुंततो. गळ अडकूच नये म्हणून एक करा: १९२६ साली पूर्ण झालेल्या इथल्या विल्सन धरणाचं पाणी मे महिन्यात उतरतं, तेव्हा उघडा पडलेला काठ चालून बघा. कपारी, जुनी खोडं, सगळं दिसतं. त्या खुणा लक्षात ठेवा. पाणी चढलं की मासा त्यांच्याच आडोशाला येतो. गळ कपारीत नाही, हातभर अलीकडे पडायला हवा. वजन मात्र कच्च्या सुती दोऱ्यानं बांधा. अडकलं तर दोरा तुटेल, गळ आणि मासा हाती राहतील. तुटलेलं वजन पाण्यातच राहतं, म्हणून शिशाऐवजी काठावरचाच दगड बांधा. प्रवरा नदीच्या या पाण्यावर खाली कितीतरी गावं जगतात.