स्वस्त दारू कोण ठरवते? टोकियोचा डबा आणि सातपुड्याचे मोहफूल

१/ टोकियोहून सुट्टीवर जळगावला आलेल्या मित्राने विचारले, "तिथे कोपऱ्यावरच्या दुकानात दोनशे येनच्या आत मिळणारे डबाबंद चूहाय इथे परवडणाऱ्या भावात कुठे मिळेल?" प्रश्न चैनीचा वाटला, पण त्याचे उत्तर शोधताना मी आबकारीच्या इतिहासात शिरलो. म्हणून हा धागा.

२/ शोचू ही जपानी दारू, सोडा आणि फळांचा रस यांचे मिश्रण म्हणजे चूहाय. 'शोचू' आणि 'हायबॉल' या शब्दांच्या जोडीतून हे नाव आले. १९८४ मध्ये ताकारा कंपनीने ते डब्यात भरून बाजारात आणले. ते स्वस्त राहण्याचे एक मोठे कारण कर. ऑक्टोबर २०२३ च्या दरांनुसार ३५० मिलिलिटर बिअरवर सुमारे ६३ येन कर होता, चूहायवर अवघा २८ येन.

३/ अशी दारू भारतात आणायची तर मुळात आयात शुल्कच १५० टक्के. त्यावर राज्याचे कर आणि विक्रेत्यांचा नफा. पेय तेच राहते, किंमत मात्र सरकारी वहीत ठरते.

४/ ही वही जपानमध्येही जुनीच. १८९९ मध्ये तिथे घरगुती मद्यनिर्मितीवर पूर्ण बंदी आली. शासनाला महसूल हवा होता आणि त्या सुमारास मद्यकराने जमीन महसुलालाही मागे टाकले होते.

५/ आपल्याकडे तेच थोडे आधी घडले. १८७८ च्या मुंबई आबकारी कायद्याने दारू गाळण्याचा हक्क सरकार आणि ठेकेदारांच्या हाती एकवटत गेला. १८९२ च्या कायद्याने तर ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत मोहफुलांच्या साठ्यावरही निर्बंध घातले. झाडावरून पडलेले फूल वेचणाराही संशयित ठरला.

६/ सातपुड्यातील भिल्ल-पावरांसाठी मोह म्हणजे केवळ नशा नव्हती. फुले वाळवून खाल्ली जात. देवाला आणि पूर्वजांना दारूची धार वाहिली जाई. कायद्याने या साऱ्याकडे बुडालेला महसूल म्हणूनच पाहिले.

७/ पण दुसरी बाजू झाकून चालणार नाही. १९२२-२३ च्या देवी चळवळीत दक्षिण गुजरातच्या आदिवासींनी स्वतःहून दारू-ताडी सोडली. १९३० च्या दशकाच्या अखेरीस तळोदा परिसरात संत गुलाम महाराजांनी भिल्लांना व्यसनमुक्तीकडे वळवले. दारूने उद्ध्वस्त झालेली घरे तेव्हाही होती, आजही आहेत. मोहाच्या दारूचे भाबडे गौरवगान मला मान्य नाही.

८/ माझा आक्षेप दुजाभावावर आहे. इथल्याच कारखान्यात तयार झालेली दारू कायद्याच्या भाषेत 'भारतीय बनावटीची विदेशी दारू' म्हणून परवान्याने मिरवते आणि पाड्यावरची भट्टी पोलीस फोडतात. शेजारच्या मध्य प्रदेशाने २०२२ मध्ये मोहाच्या दारूला 'हेरिटेज मद्य' म्हणून मान्यता देण्याचे धोरण आणले. नंदुरबारला लागून असलेल्या अलीराजपुरात आदिवासी बचत गट ती बनवू लागले.

९/ म्हणून आपणही तसाच परवाना मागावा का? त्याआधीचा प्रश्न आहे, निर्णय कोणाचा? १९९६ च्या पेसा कायद्याने अनुसूचित क्षेत्रातील ग्रामसभेला मादक पदार्थांवर बंदी घालण्याचा वा नियमन करण्याचा अधिकार दिला आहे. धडगाव-अक्कलकुव्यापासून चोपडा-यावलच्या पाड्यांपर्यंत तो खरोखर वापरला जावा. बायांनी एकमुखाने भट्टी बंद करा म्हटले, तर ती बंद व्हावी. गावाने मर्यादेत चालवू म्हटले, तर त्या भट्टीला कायद्याचे संरक्षण मिळावे.

१०/ मित्राला सांगितले, स्वस्त चूहाय जळगावात मिळणे कठीण. तो हसला आणि म्हणाला, "मग मोहाची?" तिला किंमत आहे, पण पावती नाही. दीडशे वर्षे उलटत आली, तरी ती पावती द्यायची की नाही हे पाड्याला कोणी विचारलेले नाही.