लाँड्रीवाल्या काकांचा फंडा

होस्टेलच्या लाँड्रीवाल्या काकांकडे कपड्यांचा डोंगर असतो, तरी आपला शर्ट आपल्यालाच परत मिळतो. का? कारण काका ढिगातल्या क्रमावर विसंबत नाहीत, प्रत्येक कपड्यावर खूण करतात. आपण बायोटेकवाले मात्र इलेक्ट्रोफोरेसिसच्या डेटाला नावं देताना नेमका क्रमावरच भरवसा ठेवतो!

इतर ब्रँचवाल्यांसाठी थोडक्यात सांगते. डीएनएवर ऋण प्रभार असतो, म्हणून वीज सोडली की तो धन टोकाकडे सरकतो. लहान तुकडे पुढे पळतात, मोठे रेंगाळतात. जेलवर याचे पट्टे दिसतात. टेपस्टेशनसारखं मशीन तेच आकड्यांच्या फाइलमध्ये देतं. पण कुठल्या वेलमध्ये काय होतं, हे मशीनला आपण सांगावं लागतं. (कॉन्व्हेंटमध्ये वेल म्हणजे विहीर शिकले होते, इथे ती थेंबभर द्रावणाची खळगी निघाली. असो.) ए२ मध्ये औषध दिलेल्या पेशी होत्या की न दिलेल्या, हे फक्त आपल्या वहीत असतं.

मग आपण काय करतो? वहीतली नावं एक्सेलच्या शेजारच्या कॉलममध्ये पेस्ट. झालं काम! पण गंमत बघा. ९६ वेलच्या प्लेटमध्ये ए ते एच ओळी आणि १ ते १२ स्तंभ. कॉम्प्युटरने हे अक्षरं म्हणून सॉर्ट केलं, की ए१ नंतर ए१०, ए११, ए१२ आणि मग ए२ येतो. वहीत मात्र ए१, ए२, ए३. पेस्ट केलं की ९६ पैकी फक्त ८ नावं जागेवर, ८८ चुकीची! एरर नाही, ग्राफही सुंदर. आणि त्यावरून आपण ठरवणार की औषध लागू पडलं!

उपाय सोपा आहे. मशीनच्या मूळ फाइलला हात लावायचा नाही. वेगळा तक्ता करायचा: प्लेट, वेल, नमुना, प्रक्रिया, तारीख. मग चार ओळींचा कोड लिहून दोन्ही तक्ते प्लेट आणि वेलच्या खुणेवरून जोडायचे. नुसता वेल पुरत नाही, कारण ए१ प्रत्येक प्लेटमध्ये असतो.

कोड म्हणजे जादू नव्हे, हेही खरं. आर भाषेतलं मर्ज फंक्शन जुळणी न झालेल्या ओळी मुकाट्याने गाळून टाकतं. 'ए२' च्या मागे एक स्पेस राहिली, की नमुना गायब. म्हणून जोडण्याआधी आणि नंतर ओळी मोजा. आकडा जुळला नाही तर प्रोग्रॅम थांबलाच पाहिजे.

"बारा सॅम्पलसाठी कोड कशाला?" असं सीनियर्स विचारतात. कारण हाताने केलेल्या पेस्टचा पुरावा उरत नाही. कोड उद्या कुणीही वाचू शकतो, चूक पकडू शकतो. एक्सेल काही जनुकांच्या नावांच्या तारखा करून टाकायचं, म्हणून २०२० मध्ये चक्क त्या जनुकांचीच नावं बदलली गेली. शहाण्यासुरत्या शास्त्रज्ञांची ही गत, तर आपली काय कथा!

म्हणून सरांना आणि मॅडमना नम्र विनंती: जर्नलवर सही करण्याआधी ग्राफबरोबर तो तक्ता आणि कोडही मागा. आम्ही कुरकुर करू, पण करू. शर्ट हरवला तर नवा घेता येतो, नमुन्याचं नाव हरवलं तर सगळा प्रयोगच वाया जातो.