विश्लेषण : परकायाप्रवेश, पूर्वजन्मीचे प्रेम आणि राजदरबार… एका थाई मालिकेने अख्खा देश इतिहासात कसा नेला?

२०१८ मध्ये थायलंडमध्ये एका प्रेममालिकेने असे वेड लावले, की लोक पारंपरिक पोशाख घालून जुन्या राजधानीच्या अवशेषांत फिरू लागले. 'बुप्फेसन्निवात' या मालिकेची दखल सरकारनेही घेतली. मात्र याच देशात इतिहासातील राजाबद्दल शंका घेणाऱ्या एका वयोवृद्ध विचारवंतावर त्याआधी खटला भरला गेला होता. मालिकेचे यश आणि त्यामागचे राजकारण समजून घेऊ या.

मालिकेची गोष्ट काय?

केतसुरांग ही आजच्या काळातील पुरातत्त्वशास्त्राची विद्यार्थिनी. स्वभावाने लाघवी, अंगाने स्थूल. अपघातात तिचा मृत्यू होतो आणि तिचा आत्मा तीनशेहून अधिक वर्षे मागे, अयुथ्थया राज्यातील कारकेत नावाच्या तरुणीच्या देहात शिरतो. कारकेत दिसायला सुंदर, पण दुष्ट. दासींना मारहाण करणारी. एका खुनाच्या कटात ती दोषी असते आणि 'कृष्णकाली' मंत्राच्या प्रभावाने तिचा जीव जातो. त्याच देहात केतसुरांग जागी होते. कारकेतचा तिरस्कार करणारा तिचा वाग्दत्त वर, दरबारी अधिकारी देत, हळूहळू या 'बदललेल्या' मुलीच्या प्रेमात पडतो.

रोम्पेंग या टोपणनावाने लिहिणाऱ्या लेखिकेच्या कादंबरीवर ही मालिका बेतलेली आहे. रानी कॅम्पेन आणि थानवत वत्थानपुती हे मुख्य भूमिकांत होते. थायलंडच्या 'चॅनल ३'वर फेब्रुवारी ते एप्रिल २०१८ या काळात आठवड्यातून दोनदा ती दाखवली गेली आणि १५ भागांत संपली. थाई मालिकांना 'लाकोर्न' म्हणतात. आपल्या दैनंदिन मालिकांसारख्या त्या वर्षानुवर्षे चालत नाहीत. २०१४ मध्ये तिथे २४ व्यावसायिक डिजिटल वाहिन्या आल्यानंतर प्रेक्षक विखुरला होता. तो एका वाहिनीसमोर पुन्हा एकत्र बसला, हेच या मालिकेचे पहिले यश.

नाव ओळखीचे का वाटते?

'बुप्फेसन्निवात' हा शब्द पालीतून आलेला आहे. 'पुब्बे' म्हणजे पूर्वी आणि 'सन्निवास' म्हणजे एकत्र राहणे. मागच्या जन्मी सोबत राहिलेल्यांची या जन्मी पुन्हा गाठ पडते, अशी ही कल्पना. मराठीतील 'ऋणानुबंध' याच्या बराच जवळचा. अयुथ्थया हे नाव अयोध्येवरून आले. मालिकेतील राजा नराय म्हणजे नारायण. २०२३ मध्ये मालिकेचा पुढचा भाग आला, त्याचे नाव 'फ्रोम लिखित', अर्थात ब्रह्मलिखित.

यात खरा इतिहास किती?

राजा नरायची कारकीर्द १६५६ ते १६८८ अशी होती. महाराष्ट्रात हा छत्रपती शिवाजी महाराज आणि पुढे संभाजी महाराजांचा काळ. युरोपीय कंपन्या, मिशनरी आणि आशियाई व्यापारी तेव्हा अयुथ्थयात गर्दी करून होते. नरायने फ्रान्सशी मैत्री वाढवली. त्याचा दूत कोसा पान १६८६ मध्ये व्हर्सायला चौदाव्या लुईच्या दरबारात गेला. मालिकेतला देतही या प्रवासाला जातो.

कॉन्स्टंटाइन फॉल्कन हे पात्रही खरे आहे. हा ग्रीक साहसवीर इंग्रजी ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीतून सयामला पोहोचला आणि राजाचा सर्वांत विश्वासू मंत्री झाला. १६८८ मध्ये नराय आजारी पडताच सेनानी फेत्राचाने सत्ता हाती घेतली, फॉल्कनला ठार केले आणि फ्रेंच सैन्याला देशाबाहेर घालवले.

फॉल्कनची पत्नी मारिया गुयोमार हिचा धागा थेट गोव्याशी जोडला जातो. मिश्र वंशाच्या तिच्या वडिलांचे मूळ पोर्तुगीज गोव्यातले, असे सांगितले जाते. पतीच्या मृत्यूनंतर तिला राजवाड्याच्या मुदपाकखान्यात काम करावे लागले. अंड्याच्या बलकापासून बनणाऱ्या 'फोय थोंग', 'थोंग यिप' या सोनेरी मिठाया थायलंडला तिने दिल्या, असे मानले जाते. हे श्रेय एकट्या तिचे की तेथील सगळ्या पोर्तुगीज वस्तीचे, यावर मात्र मतभेद आहेत.

लोकांना एवढी भुरळ का पडली?

केतसुरांगला पुढे काय होणार हे पाठ असते. १७६७ मध्ये बर्मी सैन्य अयुथ्थया जाळणार, हेही तिला ठाऊक असते. आज भग्नावस्थेत असलेले वट चायवत्थनाराम मंदिर ती अखंड पाहते आणि तिला रडू कोसळते. पाठ्यपुस्तकातील सनावळ्यांना जे जमले नाही, ते या एका प्रसंगाने केले. लोक शेकडोंनी त्या मंदिरात जाऊ लागले, पोशाख भाड्याने देणाऱ्या दुकानांची चलती झाली. 'तू'साठी वापरला जाणारा जुना शब्द 'ऑजाओ' समाजमाध्यमांवर सगळ्यांच्या तोंडी बसला.

सरकारला त्यात रस का?

मालिका आली तेव्हा देशात २०१४ च्या बंडातून सत्तेवर आलेले प्रयुत चान-ओचा यांचे लष्करी सरकार होते. प्रयुत यांनी मालिकेची जाहीर स्तुती केली आणि कलाकारांना सरकारी मुख्यालयात बोलावले. त्याच सुमारास बँकॉकमध्ये राजघराण्याच्या पुढाकाराने भरलेल्या मेळ्यातही नागरिकांना जुन्या काळचे पोशाख घालून येण्याचे आवाहन होते. भूतकाळाचा अभिमान, राजनिष्ठा आणि पर्यटन हे तिन्ही एका मालिकेतून साधत असेल, तर कोणत्याही सरकारला ते हवेच असते.

कथेची चौकटही सोयीची होती. थोम्मयंती यांच्या गाजलेल्या 'थविफोप' कादंबरीतही आधुनिक तरुणी आरशातून मागच्या काळात जाते आणि तिथेही फ्रेंचांचे संकट उभे असते. सयाम कधीच कोणाची वसाहत झाला नाही, ही थाई राष्ट्राभिमानाची मुख्य कथा. प्रेमकहाणी प्रेक्षकाला नेमकी तिथेच नेऊन सोडते.

मग आक्षेप कशावर?

केतसुरांग दासींशी प्रेमाने वागते, त्यांना माणूस मानते. पण दासप्रथा तशीच राहते. मालकीण चांगली मिळाली की प्रश्न मिटला, असे चित्र त्यातून उभे राहते. प्रत्यक्षात ही प्रथा टप्प्याटप्प्याने मोडत १९०५ उजाडले. शिवाय सगळेच कर्माने आणि नियतीने ठरत असेल, तर उच्चनीचताही नैसर्गिक वाटू लागते.

दुसरा मुद्दा अधिक गंभीर आहे. विचारवंत सुलक शिवरक्ष यांनी ऑक्टोबर २०१४ मध्ये थम्मासात विद्यापीठातील एका चर्चासत्रात, राजा नरेसुआनने हत्तीवरून केलेले प्रसिद्ध द्वंद्व खरेच घडले का, असा प्रश्न विचारला. हे द्वंद्व सोळाव्या शतकाच्या अखेरचे. तरीही त्यांच्यावर राजद्रोहाच्या कलम ११२ खाली गुन्हा दाखल झाला. या कलमात ३ ते १५ वर्षांच्या तुरुंगवासाची तरतूद आहे. जानेवारी २०१८ मध्ये खटला मागे घेतला गेला, तेव्हा सुलक ८४ वर्षांचे होते. पुढच्याच महिन्यात 'बुप्फेसन्निवात' सुरू झाली. म्हणजे काल्पनिक तरुणीला जुन्या दरबारात मुक्त प्रवेश होता, पण त्या दरबारांविषयी प्रश्न विचारणाऱ्या खऱ्या माणसाला तीन वर्षांहून अधिक काळ टांगत्या तलवारीखाली काढावा लागला.

पुढे काय?

२०२२ मध्ये या कथेवर चित्रपट आला, २०२३ मध्ये पुढची मालिका. प्रयुत सरकारने खाद्यपदार्थ, चित्रपट, फॅशन, मुए थाई आणि उत्सव ही पंचसूत्री 'सॉफ्ट पॉवर'साठी ठरवली. २०२३ मध्ये आलेल्या स्रेत्था थाविसिन सरकारने त्यासाठी राष्ट्रीय समितीच नेमली. मालिका हा आता थायलंडच्या निर्यात धोरणाचा भाग आहे.

अशा मालिकेमुळे हजारो तरुणांनी नराय, फॉल्कन, मारिया ही नावे पहिल्यांदा शोधून वाचली, हा तिचा खरा फायदा. मात्र आवड निर्माण झाली की प्रश्नही पडतात. ते विचारण्याची मोकळीक मिळते की नाही, यावरच हे वेड पोशाखापुरते राहणार की इतिहासाच्या अभ्यासापर्यंत पोहोचणार, हे ठरेल.