कोयत्याची नोंद करा!

डिसेंबर 2022 मध्ये सीमाप्रश्नावरच्या बेळगावच्या महामेळाव्याला निघालेले महाराष्ट्रातले नेते कर्नाटक पोलिसांनी कोगनोळी नाक्यावर अडवले. माणूस अडवायचा म्हटला की सरकारला हद्द दिसते, फौजफाटाही सापडतो. मग बीडकडच्या ऊसतोड टोळ्या बायकापोरे आणि भांडीकुंडी ट्रॉलीत घालून दर हंगामाला हीच हद्द ओलांडतात, चिकोडी-निपाणीच्या फडांवर येतात, तेव्हा त्यांची नावे कोणत्या सरकारी वहीत चढतात? आमचा सवाल बेंगळुरूला आहे आणि तितकाच मुंबईलाही!

या मजुरांवाचून इथला ऊस उभा वाळेल, हे प्रत्येक बागायतदार जाणतो. जुलै 2024 मध्ये कर्नाटकच्या मंत्रिमंडळाने खासगी नोकऱ्यांत स्थानिकांसाठी आरक्षणाचे विधेयक मंजूर केले: व्यवस्थापनात 50 टक्के, बाकी कामांत 70 टक्के. उद्योगपती खवळले आणि दोन दिवसांत ते बासनात गेले. त्या गदारोळात कोयत्यावर हक्क सांगायला मात्र कोणी पुढे आले नाही.

कायदा नव्हता, असे कोणी म्हणू नये. 1979 च्या आंतरराज्य स्थलांतरित कामगार कायद्याने कंत्राटदाराला परवाना सक्तीचा केला. मजुराला पासबुक, प्रवासखर्च, विस्थापन भत्ता दिला. फडात त्यातले काय पोचले? टोळीचा मुकादम आणि त्याची आगाऊ उचल! नवराबायको मिळून 'एक कोयता' धरायचा, बाईची मजुरी नवऱ्याच्या हिशेबात बुडवायची, आणि हंगामभर राबूनही उचल फिटली नाही तर पुढचे सालही गहाण. ही वेठबिगारी आहे. 1976 पासून ती गुन्हा आहे! नोव्हेंबर 2025 मध्ये अमलात आलेल्या श्रमसंहितेने तर विस्थापन भत्ता काढूनच टाकला. सुधारणा म्हणतात ती हीच काय?

उचल घेऊन टोळी पसार झाली की ती रक्कम पुरवणारा वाहतूकदारही कर्जात बुडतो, हे आम्ही नाकारत नाही. पण म्हणून मजुराला डांबून ठेवण्याचा अधिकार कोणाला मिळत नाही. लेखी करार नाही, म्हणून दोघेही नागवले जातात.

महाराष्ट्राने गोपीनाथ मुंडे यांच्या नावे ऊसतोड कामगारांचे महामंडळ काढले. त्यासाठीची टनामागची वर्गणी कर्नाटकातल्या कारखान्याकडून त्याला वसूल करता येत नाही. सीमेच्या दाव्यात 2004 पासून सर्वोच्च न्यायालयात समोरासमोर उभ्या असलेल्या दोन राज्यांना या माणसांची एक संयुक्त नोंदवही ठेवता येत नाही?

याच निपाणीत तंबाखूच्या वखारींत राबणाऱ्या बायकांनी 1980 च्या सुमारास संघटना बांधून मालकांना झुकवले होते. फडातल्या बाईलाही तिचे स्वतःचे नाव आणि तिची स्वतःची मजुरी मिळालीच पाहिजे. बॉयलर पेटण्याआधी कारखान्याने नवराबायकोची वेगवेगळी नोंद करावी, उचल बँकेतूनच द्यावी, मुकादमाकडे बोट दाखवणे सोडावे. जो कारखाना हे करणार नाही, त्याचा गाळप परवाना रोखा!